बिनखाड्याची लाइन

४ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी पतसंस्थेने जानेवारीत दिली. सगळ्या एजंटांना देतात. दरवर्षी मी ती आणून हिच्या हातात ठेवतो आणि ही तिच्यात दुधाचे खाडे लिहिते. आज मी म्हटलं, परत दे, मला लागणार आहे. ही म्हणाली, "तुम्ही काय लिहिणार?" बायकोने असं विचारलं की माणसाने लिहायलाच पाहिजे. शिवाय जे मनात चाललंय ते हिला सांगितलं तर ही हसेल आणि संस्थेत सांगितलं तर गावभर होईल.

आज संस्थेत मीटिंग होती. आम्ही सहा पिग्मी एजंट, म्हणजे रोज दारोदार फिरून लोकांची दिवसाची बचत गोळा करणारे, भिंतीला टेकून उभे. खुर्च्या हॉस्पिटलच्या पाहुण्यांना. पाण्याच्या टाकीमागे तीस खाटांचं हॉस्पिटल आहे, त्यातली एक्स-रेची खोली आमच्या संस्थेनेच बांधून दिली. तिथले डॉक्टर आले होते आणि बरोबर एक सिस्टर. तिशीची असेल. पांढरेशुभ्र बूट. मॅनेजर साहेबांनी जाहीर केलं की संस्था आणि हॉस्पिटल आता मिळून एक काम करणार. ज्या सभासदाची पिग्मी लागोपाठ तीन दिवस येणार नाही, म्हणजे खाडा पडेल, त्याचं नाव मशीनमधून आपोआप एका यादीत जाणार. ती यादी सिस्टरकडे. ती त्या घरी जाऊन विचारपूस करणार, रक्तदाब बघणार, साखर बघणार. सगळं फुकट, पैसे संस्थेच्या नफ्यातून. का, तर साहेब म्हणाले, "माणूस आजारी पडला की आधी त्याची पिग्मी थांबते. डॉक्टरकडे तो दोन महिन्यांनी जातो. ते दोन महिने आपल्याला वाचवायचेत."

टाळ्या.

हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझं. मार्चमध्ये साहेबांच्या टेबलाशी चहा पिताना मीच बोललो होतो. चोवीस वर्षं चपला झिजवल्या तेव्हा कुठे ते वाक्य माझ्या तोंडी आलं. आणि टाळ्या कुणाला? तर सिस्टरला. ती उठून नमस्कार करून म्हणाली, तुम्हा सगळ्यांची मदत लागेल. माझाच माल मलाच विकतात आणि वर मदत मागतात.

७ ऑगस्ट, गुरुवार

ओळख करून द्यायला सिस्टरला माझ्या लाइनवर फिरवा, असा साहेबांचा हुकूम. फिरवलं. एकशे बारा दारं.

हार्डवेअरवाल्याने चोवीस वर्षांत मला एकदाही बस म्हटलं नाही. गल्ल्यातून पैसे काढायचे आणि काउंटरवर सरकवायचे, नजर रस्त्यावर. आज सिस्टर दिसली तर आतून खुर्ची आणली, ती स्वतःच्या हाताने पुसली, आणि गुडघा दाखवायला लागला. मी उभाच. झेरॉक्सवाल्याने चहा मागवला तो एकच. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही घेता का? बिस्किटाच्या पुड्यासारखा मी मध्येच आठवलो त्याला.

आणि ती मला "काका" म्हणते. सगळी लाइन मला भाऊ म्हणते, पिग्मीभाऊ. ही काका. मी बावन्न वर्षांचा आहे.

एकच ठिकाण असं निघालं की जीव थंड झाला. रफूकाकू. जुन्या बँकेच्या इमारतीत जिन्याखाली त्यांची जागा आहे, दोन माणसं दाटीवाटीने बसतील एवढी. फाटलेल्या कोटाच्या आतल्या शिवणीतूनच धागा ओढतात आणि त्याच धाग्याने भोक असं भरतात की कोटाच्या मालकाला भोक कुठे होतं ते शोधावं लागतं. सहासष्ट वर्षांच्या. पुढेमागे कुणी नाही. एकोणीस वर्षांत त्यांचा खाडा नाही. मी जातो तेव्हा काकू दुसऱ्या स्टुलावरचे कपडे उचलून मांडीवर घेतात, म्हणजे मला बसायला जागा. आज सिस्टर वाकून बोलायला लागली तर काकूंनी मानसुद्धा वर केली नाही. मला म्हणाल्या, "ही कोण आणलीस बरोबर? उजेड अडवतेय."

मला इतकं बरं वाटलं की परत येताना मी सिस्टरला रिक्षाच्या थांब्यापर्यंत सोडलं.

२० ऑगस्ट, बुधवार

पहिली यादी. माझ्या लाइनवरची दोन नावं. त्यात लाँड्रीवाला. तीन दिवस दुकान बंद होतं, मी समजलो सासुरवाडीला गेला असेल. सिस्टर घरी गेली, रक्तदाब दोनशेच्या वर निघाला, तिने त्याला तसाच हॉस्पिटलात नेला. आज गोळ्या घेऊन दुकानात हजर. चांगलंच झालं, माणूस वाचला, मी काही राक्षस नाही. पण आख्ख्या रस्त्याला तो सिस्टरपुराण सांगतोय. सिस्टर आली म्हणून मी आहे, सिस्टर देवासारखी आली.

मी म्हटलं, काय झालं होतं रे नक्की? तर म्हणाला, "सिस्टरना सांगितलंय ना सगळं." म्हणजे मला परत काय सांगायचं! याच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा हा माझ्या खांद्यावर रडला होता.

बाजाराच्या लाइनवर पण एक प्लंबर सापडला, छातीचा. संस्थेने त्याला उपचारासाठी कमी व्याजाने कर्ज दिलं, एका दिवसात. साहेब खूश आहेत. सगळेच खूश आहेत.

घरी आलो तर ही म्हणाली की आज मी पण हॉस्पिटलात जाऊन आले, सिस्टर फार गोड बोलते हो. मी जेवलो नाही म्हटल्यावर म्हणाली, पोटात दुखतंय का. मी हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

उपाय सापडला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही.

आमच्या धंद्यात जुनी रीत आहे. एखाद्याकडे एखाद्या दिवशी सुटे नसतात, एखाद्याचा धंदा होत नाही. खाडा पडू नये म्हणून एजंट स्वतःच्या खिशातून त्याची रक्कम भरतो आणि नंतर मागून घेतो. सगळे करतात. साहेबांना माहीत आहे, ते काणाडोळा करतात. मी फक्त तेच जरा नेमाने करायचं ठरवलंय. तिसरा दिवस आला की मागच्या दोन दिवसांसकट भरून टाकायचं. खाडा नाही तर यादी नाही. यादी नाही तर सिस्टर नाही.

यात कुणाचं नुकसान? कुणाचंच नाही. झालंच तर माझं. लोकांच्या भरलेल्या दिवसांची रांग अखंड राहते, मला नंतर पैसे मिळतातच. आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते बघायला मी आहे ना. तिच्या आधी चोवीस वर्षं कोण बघत होतं?

१५ सप्टेंबर, सोमवार

रफूकाकूंनी आज पहिल्यांदा "उद्या घे" म्हटलं. खरं तर शुक्रवारपासून म्हणतायत. आज मी तिन्ही दिवसांचे भरले. त्यांना बोललो नाही, लाजतील.

काम कमी आहे म्हणाल्या. लोक हल्ली रफू करत नाहीत, नवीन घेतात. पायाशी पाण्याची मोठी बाटली ठेवलीय, मी बसलो तेवढ्यात निम्मी संपवली. मी थट्टा केली, काकू, पाण्याचे पण पैसे लावणार आहेत आता. हसल्या. बारीक झाल्यात बऱ्याच, ब्लाउजच्या बाह्या लोंबतात. या वयात बारीक झालेलं चांगलंच.

आणि एक मोठी गोष्ट झाली. त्यांनी मला सुई ओवून मागितली. ज्या बाईने आपल्या सुयांच्या डबीला कधी कुणाला हात लावू दिला नाही, तिने सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ओव रे जरा, आज उजेड नीट नाही." मला दोनदा प्रयत्न करावा लागला, पण ओवली. सिस्टरला कुणी सुई ओवायला देईल का? देईल तर टोचायला देईल.

उजेड तसा रोजच्यासारखाच होता.

३० सप्टेंबर, मंगळवार

महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. अख्ख्या महिन्यात एकही खाडा नसलेली एकच लाइन. बिनखाड्याची लाइन, असा शब्द वापरला त्यांनी. वार्षिक सभेत सत्कार करू म्हणाले. बाजारवाल्या एजंटाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सिस्टर पण होती. मीटिंग संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "काका, तुमच्या लाइनवर कुणीच आजारी पडत नाही?" मी म्हटलं, माणसं जपली की खाडा पडत नाही.  ती यादीचा कागद हातात धरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, जसं काही मी परीक्षेत कॉपी केलीय.

जळते. दुसरं काय.

आता सात घरांचे भरतोय. खिसा जरा हलका झालाय. हिला सांगितलं की चपला घ्यायच्या आहेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काकूंकडे आज एक गिऱ्हाईक भांडत होतं. भारीतला कोट, खांद्यावर रफू, आणि ते चक्क दिसत होतं. वेडंवाकडं, शाळेतल्या मुलीने केल्यासारखं. काकू त्याला पैसे परत देत होत्या. मी मध्ये पडलो, त्या माणसाला चार शब्द सुनावले. काकू म्हणाल्या, राहू दे, चुकलंय माझं. डोळ्यापुढे एक काळी माशी फिरत राहते, हाकलली तरी जात नाही.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिंधी बांधलेली आहे. सुई टोचलीय म्हणाल्या. ही चिंधी मी गेल्या महिन्यात पण बघितली होती, म्हणजे परत टोचली असणार.

मग त्यांनी विचारलं. नीट लिहून ठेवतो काय विचारलं ते. "अरे भाऊ, ती तुझी सिस्टर साखर बघते म्हणे घरी येऊन. लाँड्रीवाला सांगत होता. इकडे नाही का येणार कधी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकू पण! शेवटचं एक दार होतं तेही तिकडे कललं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, त्या कुठल्या येतायत जिन्याखाली, काकू. मोठ्या दुकानांत खुर्च्या मिळतात तिथे जातात त्या.

काकू "असं होय" म्हणाल्या आणि सुई शोधायला लागल्या. सुई त्यांच्या पदरालाच टोचलेली होती.

घरी आल्यावर हिला कोटाची गोष्ट सांगितली. ही म्हणाली, तुम्ही त्यांना हॉस्पिटलात का नेत नाही? मी म्हटलं, नेणारच आहे. मी स्वतः नेणार आहे. माझी माणसं मी नेईन.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज न्यायचं ठरवलं होतं. काकूंना बोललो नव्हतो, म्हटलं अचानक रिक्षा घेऊन जाऊ. आधी हॉस्पिटलात डोकावून आलो. शनिवारी केसपेपरच्या खिडकीवर तीच बसते. म्हणजे मी काकूंना नेणार, ती उठून हात धरणार, आणि उद्या गावभर काय, तर सिस्टरने काकूंना बरं केलं.

पुढच्या आठवड्यात मधल्या वारी नेतो. आठ दिवसांनी काय होतंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काकू जिन्याखाली पडल्या. सकाळी अकराच्या सुमारास. वरच्या वकिलाच्या कारकुनाने बघितलं. त्याने हॉस्पिटलला फोन केला, सिस्टर गाडी घेऊन आली, दोघांनी उचलून नेलं. मी तेव्हा चार गल्ल्या पलीकडे हार्डवेअरवाल्याच्या दारात उभा होतो. मला साडेबाराला कळलं, तेही झेरॉक्सवाल्याकडून.

खोटं लिहायचं नाही असं आज ठरवून बसलोय. तर माझ्या मनात पहिला विचार हा आला की तिला माझ्या आधी कुणी सांगितलं. हा पहिला. काकू जिवंत आहेत का, हा दुसरा.

साखर साडेपाचशे. शुद्ध नाही. बोट काळं पडलंय. डॉक्टर म्हणाले, वर्षभरापासून असणार, गेले दोन महिने तर उघड दिसत असणार. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, त्यांच्या घरात कुणी नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शुद्धीवर आल्यात. बोटाचं पेर कापलं. डाव्या डोळ्याच्या मागे रक्त उतरलंय, तो डोळा गेला. उजवा वाचेल, पण जपावा लागेल. डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. पाच पेशंट एका खोलीत. चादरी धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या, खिडकीला निळा पडदा, आणि प्रत्येक खाटेच्या डोक्याशी आमच्या पतसंस्थेचं नाव रंगवलेलं कपाट. काकू झोपल्या होत्या. हातावर सुया टोचून सलाईन. दुसरा हात चादरीवर चाचपडत होता, झोपेतसुद्धा.

खर्चाचं बघायला मी काउंटरवर गेलो. तिथे कळलं की एक पैसा भरायचा नाही. ज्या सभासदाची रांग वर्षभर अखंड आहे त्याचा सगळा उपचार संस्थेच्या निधीतून होतो. काकूंची रांग अखंड आहे. मी भरली म्हणून अखंड आहे! हिशोब स्पष्ट आहे. मी नसतो तर काकूंना एवढं बिल कुठून झेपलं असतं? हे वाक्य मी मनाशी चार वेळा म्हटलं आणि वळलो तर मागे सिस्टर उभी. हातात काकूंचं पासबुक.

तिने मला जिन्याजवळ बाजूला घेतलं. म्हणाली, काकूंनी सांगितलं की दीड महिना धंदा जवळजवळ बंद होता. आणि पासबुकात तर एकही दिवस रिकामा नाही.



आवाज न चढवता तिने विचारलं, "काका, अजून कुणाकुणाचे भरता?"

कुणाचे नाही, असं म्हणून मी जिना उतरलो. दोन-दोन पायऱ्या एकदम.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जेवण जात नाही. ही विचारून विचारून थकली, शेवटी मी ही डायरीच तिच्यापुढे टाकली. तिने स्वयंपाकघरात बसून वाचली. बाहेर आली, डायरी परत दिली आणि म्हणाली, "नऊ तारखेचं पान परत वाचा." एवढंच. मग आपली भांडी घासायला लागली. चोवीस वर्षांत ती माझ्यावर ओरडली नाही असा महिना नाही, आणि आज ओरडायला हवं होतं तर ओरडली नाही.

वाचलं. नऊचं वाचलं, मग पंधरा सप्टेंबरचं. पाणी, बाह्या, सुई, उजेड, माशी, चिंधी. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, तारीख घालून. जे वाक्य माझं आहे म्हणून मी ऑगस्टमध्ये जळफळत होतो, त्याचा अर्थ मला सोडून सगळ्या गावाला कळला होता.

१ नोव्हेंबर, शनिवार

कागदावर अकरा नावं लिहिली. सातची अकरा कधी झाली ते मलाच कळलं नाही. केसपेपरच्या खिडकीवर जाऊन कागद आत सरकवला. मागे रांग होती. मी म्हटलं, यांचे मी भरतोय.

मला वाटलं होतं बोलेल. चांगली खरडपट्टी काढेल. बोलली असती तर मीही दोन सुनावले असते, जीव मोकळा झाला असता. तिने कागद वाचला, खिडकीवर दुसऱ्या सिस्टरला बसवलं, बॅग उचलली आणि बाहेर आली. म्हणाली, "यातलं आधी कुणाकडे जायचं ते तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत असेल."

आणि मला माहीत होतं! हाच तर सगळा तमाशा आहे. मी एका दमात सांगितलं: आधी छापखान्याच्या मालकीणबाई, कारण त्या हल्ली पैसे डाव्या हाताने देतात. मग कुलूपवाला, जिना चढताना मध्ये थांबतो. मग सायकलवाल्याची आई. बाकीचे आठ धंदा नाही म्हणून अडलेत, त्यांना काही झालेलं नाही, त्यांना साहेबांकडे न्या, हप्ता कमी करून देतील. सिस्टर चालता चालता लिहून घेत होती.

छापखान्याच्या बाईंना आजच ॲडमिट केलं. वेळेत आणलं म्हणाले डॉक्टर. बाईंच्या मुलाने सिस्टरचे हात धरले. मी शेजारीच उभा होतो. खरं लिहायचं तर आतून परत तीच कळ आली. इतकं होऊनसुद्धा आली. लाज वाटली, पण आली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. सत्कार रद्द, हे मी आधीच म्हणालो. त्यांनी लेखी समज दिली, खिशातून भरायची रीत सगळ्यांसाठीच बंद केली. बाजारवाला आता माझ्याशी बोलत नाही. लाइन काढून घेतील वाटलं होतं, ती नाही काढली. सिस्टरने सांगितलं म्हणे, की या माणसाला लाइनवर ठेवा. तिच्या उपकारावर आता माझी नोकरी. हेही गिळायचं.

काकूंना कोण सांगणार, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना सांगायची काय गरज आहे? पैसे तर बुडाले नाहीत ना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काकू घरी आल्या. घर म्हणजे एक खोली, एक खाट, खिडकीत दोरीवर वाळत घातलेलं एक पातळ. रोज दोन वेळा डोळ्यात थेंब घालायचे आणि सुई द्यायची, म्हणून सिस्टर येणार होती. मी मुद्दाम तिच्या आधी अर्धा तास गेलो. आधी पोहोचायचं, ही खोड अजून गेलेली नाही.

डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. मला आवाजावरून ओळखलं आणि खाटेवर सरकून बसायला जागा केली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग त्या एकदम म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? ती सिस्टर माझ्याकडे आधी का नाही आली रे? लाँड्रीवाल्याकडे गेली, बाजारात त्या प्लंबरकडे गेली. तू म्हणाला होतास तेच खरं. आम्ही जिन्याखालचे. आता आलीय ती पण डोळा गेल्यावर. गोड बोलते, मी पण हं हं करते. पण मनातून उतरली ती माझ्या. एवढ्या वर्षांत माझ्या दाराशी रोज आलास तो तू एकटा."

आणि त्यांनी माझा हात धरला. चार बोटांनी आणि एका पट्टीने.

ऑगस्टपासून मला हेच ऐकायचं होतं. याच आवाजात. अगदी असं की तिच्यापेक्षा मी. आणि कुणी काही विचारणार नव्हतं. सिस्टर स्वतःहून कधीच सांगणार नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे. ती दोन वेळा येऊन, काकूंच्या मनातून उतरलेली राहून, थेंब घालत राहील. मी पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. पाच मिनिटं मी तो हात सोडला नाही, हेही लिहून ठेवतो.

मग सांगितलं. खिशातून भरत होतो ते सांगितलं. का भरत होतो ते सांगितलं. ती कुठली येतेय जिन्याखाली, असं मी म्हणालो ते खोटं होतं, तिला तुमचं नावच मिळू दिलं नाही मी, हे सांगितलं. बाटलीचं सांगितलं, सुईचं सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही थांबवलं नाही.

 त्यांनी हात कधी काढून घेतला ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे तुला सगळं दिसत होतं."

मी हो म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर बुटांचा आवाज झाला. काकूंनी पदर सारखा केला आणि दाराकडे तोंड केलं. म्हणाल्या, "ती आली वाटतं. तिला आत बोलाव. तू बाहेर थांब."

मी उठलो, दार उघडलं, सिस्टरना आत घेतलं आणि बाहेर पायरीवर बसलो.